वाहत्या पाण्यातल्या पोरी

बाईंबरोबर रस्त्यानं चालणं ही एक शिक्षा होती. ओळखीचं माणूस भेटलं म्हणून कुणीही थांबतं. बाई गटार भेटलं म्हणून थांबायच्या. वसईत गटारांना तोटा नाही, त्यामुळे स्टेशनपासून कॉलेजपर्यंतच्या पंधरा मिनिटांच्या वाटेला आम्हाला कधीकधी पाऊण तास लागायचा. दोन गटारं जिथं एकमेकांना मिळतात तिथं तर त्या हमखास वाकायच्या, छत्रीचं टोक पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "बघा मास्तर. सरळ हाय तिथं पानी कसं झुळूझुळू पळतंय. आनि हा कोपरा बघा. जिथं पानी गोंधळतं, तिथंच घान बसते." मी नाकाला रुमाल लावून मान डोलवायचो. मी मूळचा साताऱ्याकडचा, आणि गटाराकडे इतक्या आदरानं बघायची सवय मला नव्हती.

एकदा तर त्या वही काढून गटाराचं चित्रच काढायला बसल्या. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, महापालिकेच्या कुणी मोठ्या अधिकारी आल्यात. पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली. एकीनं नळाला पाणी येत नाही म्हणून सांगितलं, एकानं दिव्याच्या खांबाची तक्रार केली, एका आजोबांनी शेजाऱ्याची. बाईंनी सगळ्यांच्या तक्रारी नीट लिहून घेतल्या. का, तर म्हणाल्या, "एवढ्या आशेनं सांगतायत, नाय कसं म्हनू?" आणि खरंच त्या पानाची स्वच्छ प्रत करून त्यांनी महापालिकेत नेऊन दिली. आठवड्याभरात ते गटार साफ झालं. लोक खूश झाले, बाई मात्र दोन दिवस हळहळत होत्या. "चांगलं गोंधळत होतं हो," म्हणाल्या.

बाई आमच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी भौतिकशास्त्र. त्या खाडीकडच्या शेतकरी घरातल्या. वर्गात त्यांचं मराठी अगदी छापील असायचं, पण वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की घरची बोली सुरू. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, जिथं पूर्वी खेळाचं सामान ठेवत, तिथं त्यांची संशोधनाची खोली होती. कॅरमचा एक मोडका बोर्ड शेवटपर्यंत तिथंच होता आणि त्यावर त्या बाटल्या वाळत घालायच्या.

त्या खोलीत त्या करायच्या काय, हे मला चारचौघांत इतक्यांदा सांगावं लागलं आहे की आता ते पाठ झालंय. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक अस्तर असतं, अवघ्या एका पेशीच्या जाडीचं. आपण जन्मल्यापासून मरेपर्यंत रक्त त्या अस्तराला घासत वाहत असतं. वाहिनी सरळ असेल तिथं अस्तर ठाकठीक राहतं. जिथं फाटा फुटतो, वळण येतं, तिथं प्रवाह गोंधळतो आणि पुढं जाऊन तिथंच चरबी बसायला लागते. म्हणून गटार. बाई ह्या अस्तराच्या पेशी काचेवर वाढवत आणि त्यांच्यावरून एक गुलाबी पोषक द्रव सतत वाहता ठेवत, रक्त वाहतं तसा, मोजूनमापून तेवढ्याच जोरानं. बरेच लोक ह्या पेशी नुसत्या बशीत वाढवतात. ते बाईंना मुळीच पटायचं नाही. "डबक्यातली मच्छी बघून समुद्र कळतो काय?" असं त्या एका मोठ्या परिसंवादात एका मोठ्या माणसाला विचारून आल्या होत्या. त्यानंतर त्यांना परिसंवादाचं बोलावणं येणं जरा कमी झालं.

लोकांना वाटायचं, ह्यांच्या घरात कुणीतरी हृदयविकारानं गेलं असणार, म्हणून हा ध्यास. एका विद्यार्थिनीनं डोळ्यांत पाणी आणून तसं विचारलंसुद्धा. बाई म्हणाल्या, "कोनी नाय गेलं गं. मला पाट बघायला आवडतो."

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो एका पाकिटामुळे. एके दिवशी त्या आमच्या स्टाफरूममध्ये आल्या आणि विचारलं, इतक्या रुंदीच्या फटीतून इतकं पाणी सोडलं तर तळाला किती जोरानं घासेल? मी ऐटीत एका पाकिटाच्या पाठीमागं गणित करून दिलं. त्यांनी ते चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, "एक शून्य जास्त झालंय, मास्तर. एवढ्या जोरात माझ्या पोरीच वाहून जातील." मी पुन्हा तपासलं. शून्य जास्त झालं होतं. तेव्हापासून ते गणित, तो पंप आणि त्या पोरी माझ्या गळ्यात पडल्या त्या कायमच्या.

पोरी म्हणजे पेशी. सकाळी खोलीत शिरल्या की बाई आधी पोरींची विचारपूस करायच्या. "झोपल्या का नीट? थंडी नाय ना वाजली?" असं उबेच्या पेटीला तोंड लावून चालायचं. माझी विचारपूस त्यांनी उभ्या नोकरीत दोनदा केली असेल, त्यातल्या एका वेळी मला टायफॉइड होता.

द्रव वाहता ठेवायचं यंत्र त्यांनी स्वतः बनवलं होतं. त्यांच्या माहेरच्या वाडीत बावखल होतं, म्हणजे वसईकडचं गोड्या पाण्याचं तळं, आणि त्यावर बैलांचा रहाट. रहाटाचे लोटे धबाधबा पाणी ओतायचे, पण ते आधी वरच्या कुंडीत पडायचं, आणि कुंडीतून पाटात उतरताना मात्र एकसारखं, शांत उतरायचं. बाईंनी तेच केलं. एक काचेची बाटली वर, एक खाली. एक छोटा पंप खालचा द्रव वर चढवणार. वरची बाटली सदा काठोकाठ भरून सांडत राहणार, आणि तिच्यातून निघालेली संथ धार दोन काचांच्या फटीतून पोरींच्या अंगावरून जाणार. "वरची सांडत राहिली की खालची चिंता नाय," असं त्या म्हणायच्या. परदेशात ह्याच कामाला कपाटाएवढी यंत्रं असतात. आमच्याकडे त्या दोन बाटल्या होत्या, आणि एकीवर अजून लिंबाच्या सरबताचं लेबल दिसत होतं.

ह्या साम्राज्याचा शत्रू एकच होता, बुडबुडा. नळीतून हवेचा एक बुडबुडा जरी गेला, तरी तो पोरींना खरवडून घेऊन जायचा. त्यामुळे बाई दिवसभर टिचक्या मारून नळ्या तपासायच्या. शिपायानं एकदा व्हरांड्यात सोड्याची बाटली उघडली, तर त्याला खाली पटांगणात जाऊन पिऊन यायला लावलं. माझ्या हातून एकदा बुडबुडा गेला. बाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी माझ्या टेबलावर पानात बांधलेल्या सुकेळ्यांची पुडी आली, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची. मी ती निमूटपणे खाल्ली आणि कामाला लागलो.

आता ह्या पेशी आणायच्या कुठून, तर नाळेतून. बाळ जन्मलं की नाळेचा काही उपयोग उरत नाही, पण तिच्यातल्या शिरेच्या आत हेच अस्तर असतं. गावातल्या एका प्रसूतिगृहाशी बाईंनी बोलणी केली होती. बाळाच्या आईला आधीच सगळं समजावून तिची सही घ्यायची, आणि बाळंतपण झालं की बर्फाच्या डब्यातून नाळ घेऊन यायची. पहिली तीन वर्षं हे आणायचं काम माझ्याकडे होतं. नंतर बाईंनी ते माझ्याकडून काढून घेतलं, आणि त्याला कारणही तसंच घडलं.

मी त्या प्रसूतिगृहाच्या बाकावर मांडीवर डबा घेऊन बसायचो. आजूबाजूला होणारे बाप येरझाऱ्या घालत असायचे. तिथल्या रखवालदारानं पहिल्या महिन्यात माझं अभिनंदन केलं, दुसऱ्या महिन्यात जरा बिचकत केलं, आणि चौथ्या महिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, आता बास करा की. वहिनींच्या तब्येतीकडे पण बघा." मी त्याला खरं काय ते सांगायला घेतलं आणि अर्ध्यात सोडून दिलं. नाळ, शीर, अस्तर, पंप. इतकं कोण सांगत बसणार? समजावून सांगायचा कंटाळा हा माझा जुना रोग आहे. शिक्षकाला तो असू नये, पण आहे.

कागदावर प्रत्येक नाळेला एक आकडा असायचा, कारण आईचं नाव बाहेर जाता कामा नये. बाईंना आकडे आवडायचे नाहीत. त्या आईच्या गावाचं नाव द्यायच्या. मग स्टाफरूममध्ये बोलणं असं व्हायचं: "राजोडीला बुरशी आली हो." "नायगाव आज जरा सुस्त हाय." मी विरारला चंदनसारला राहतो. एकदा संस्थेच्या कार्यालयात माझे दोन शेजारी फी भरायला आले होते, आणि बाई दारातून ओरडल्या, "मास्तर, चंदनसार सगळी मेली! एक पन वाचली नाय!" शेजाऱ्यांना पाणी द्यावं लागलं. ती चंदनसार, सांगायला नको, माझ्याच बुडबुड्यानं मेली होती.

अशी तीन वर्षं गेली. राजोडी बुरशीनं गेली, चंदनसार बुडबुड्यानं, नायगाव वीज गेल्यामुळे. बाईंना बघायचं होतं ते एवढंच, की सलग दोन दिवस एकसारखा प्रवाह दिला तर पोरी त्या प्रवाहाच्या दिशेनं वळून, लांब होऊन, एका रांगेत उभ्या राहतात. दुसऱ्यांनी ते बघितलेलं होतं. बाईंना ते वसईत, आपल्या यंत्रावर, आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि मग पुढचा खरा प्रयोग, गोंधळलेल्या पाण्याचा, सुरू करायचा होता. पण संस्थेच्या मंडळींचा धीर संपला. त्यांना त्या खोलीत स्पर्धा परीक्षांचं केंद्र काढायचं होतं. बाईंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मंडळानं निरोप पाठवला: शनिवारी अकरा वाजता आम्ही खोली बघायला येतो, दाखवण्यासारखं काही असेल तर दाखवा, नसेल तर सोमवारी खोली रिकामी करा.

त्या वेळी आमच्याकडे होतं पाचूबंदर. किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यातल्या एका सुनेचं पहिलं बाळंतपण, मुलगा. ह्या पोरी पहिल्या दिवसापासून अशा काही तरारल्या की बाई खोलीत गुणगुणायला लागल्या. गुरुवारी सकाळी नऊ वाजता आम्ही काच यंत्रात बसवली आणि प्रवाह सोडला. शनिवारी सकाळी नऊला दोन दिवस पूर्ण. मंडळ येणार अकराला. मधे काही म्हणता काही होऊन चालणार नव्हतं. बाईंनी शिपायाला व्हरांड्यात शिंकायचीसुद्धा बंदी केली.

आणि गुरुवारीच दुपारी एक म्हातारी कोळीण जिना चढून वर आली. मी तिला ओळखलं. पाचूबंदरच्या बाळाची आजी. प्रसूतिगृहात ती माझ्या शेजारीच बाकावर बसली होती. सुनेनं सही केलेली होती, कागद रीतसर होते, पण सासूला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी डबा घेऊन निघालो तेव्हा तिनं विचारलं होतं, "माज्या नातवाची नाळ कुठं नेतोस रे?" आणि मी चालता चालता म्हटलं होतं, "तपासायला, आजी." एका शब्दात काम झालं म्हणून मला बरंही वाटलं होतं.

"रिपोट आला काय?" म्हातारीनं दारातूनच विचारलं. "दहा दिस झाले. उद्या बारसं हाय. आमच्या घरची रीत हाय, बारशाच्या आत नाळ दाराशी पुरायची. रिपोट दे आनि नाळ दे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. काय झालंय ते त्यांच्या तेवढ्यात लक्षात आलं.

"मावशी, बस," बाई म्हणाल्या. "पोराला काय पन झालेलं नाय. पोर ठनठनीत हाय. नाळ आता नाय, ती दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर जाळायला गेली. पन तिच्यातलं थोडं आमी ठेवलंय. ये, दाखवते."

त्यांनी तिला मायक्रोस्कोपपाशी नेलं, डोळा कुठं लावायचा ते दाखवलं आणि आपल्या बोलीत, तिच्या खांद्यावर हात ठेवून, सगळं समजावलं. मी इतकं सोपं आणि इतकं सुंदर स्पष्टीकरण कुठल्याही वर्गात ऐकलेलं नाही. म्हातारी बराच वेळ डोळा लावून बसली होती.

"ह्या माज्या नातवाच्या?"

"तुज्याच नातवाच्या."

"जित्या हायेत?"

"जित्या हायेत. वरून पान्याचा जोर सोडलाय. दोन दिस टिकतात का ते बघायचं."

"टिकल्या तर?"

"तर आपन जिंकलो, मावशी!"

"आनि नाय टिकल्या?"

"मग सगळं संपलं," बाई म्हणाल्या. त्या मंडळाचं आणि खोलीचं बोलत होत्या.

म्हातारीनं डोळा काढला. बाईंनी मोठ्या कष्टानं पुढचं विचारलं, आणि ते विचारताना त्यांचा चेहरा मी बघितलाय. "तुला ही काच पुरायला पायजे असेल तर आत्ता बंद करते. तुजी वस्तू हाय. सही सुनेची असली तरी." त्यांचा हात खरोखर पंपाच्या बटणावर होता. तीन वर्षं, खोली, सगळं त्या बटणावर होतं.

"जितं कोन पुरतं गो बाय?" म्हातारी म्हणाली. "चालू ठेव. कदी कळल?"

"शनवारी सकाळी."

ती जिना उतरून गेली. बाईंनी मग माझा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. त्यातलं छापण्याजोगं एकच वाक्य सांगतो: "मास्तर, तुमी पानी नाय गोंधळवत, तुमी मानसं गोंधळवता."

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता दुरुस्तीसाठी म्हणून वीज गेली, आणि ती चार वाजेपर्यंत येणार नाही असं कळलं. बॅटरी वीस मिनिटं पुरायची. बाईंनी पदर खोचला. पंपाचं तोंड उघडून त्याच्या दांड्यावर त्यांनी एक पाना बसवला आणि तो हातानं फिरवायला लागल्या. वरची बाटली सांडायला लागली. मी कॅन्टीनमधून गरम पाण्याच्या बाटल्या आणून उबेच्या पेटीभोवती लावल्या. मग पाना मी घेतला. पंधरा मिनिटांत माझा खांदा भरून आला. बाईंना मनगटाचा जुना त्रास होता. आम्ही आळीपाळीनं फिरवत होतो आणि घड्याळ जागचं हलत नव्हतं.

बाराच्या सुमाराला म्हातारी आली, हातात बारशाच्या घुगऱ्यांचा डबा. पोरी कशा आहेत ते विचारायला आली होती. आमची अवस्था बघून तिनं विचारलं, "हे थांबलं तर?"

"थांबलं तर गेलं, मावशी."

म्हातारीनं डबा माझ्या हातात दिला. "सर बाजूला," म्हणाली. आणि ती जी स्टुलावर बसली ती चार वाजता पंखा फिरायला लागल्यावरच उठली. जन्मभर माशांच्या पाट्या वाहिलेले हात ते. एकदाही थांबली नाही. आम्ही घेतो म्हटलं तर ऐकायची नाही. मधे मधे नुसतं विचारायची, "जित्या हायेत ना?" बाई डोळा लावून सांगायच्या, "जित्या हायेत." मी घुगऱ्या खात बसलो होतो. आम्हाला वाटलं, म्हातारीला यंत्राची गोडी लागली. संध्याकाळी घरात नातवाचं बारसं असताना ही बाई दुपारभर इथं कशी बसली, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही. एक जीवशास्त्राची डॉक्टर आणि एक भौतिकशास्त्राचा मास्तर.

शनिवारी सकाळी नऊ वाजता बाईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघितली. मग मला म्हणाल्या, "बघा." फरशीच्या तुकड्यांसारख्या वेड्यावाकड्या बसलेल्या पोरी सगळ्या लांब झाल्या होत्या आणि एका दिशेला वळून उभ्या होत्या, वारा सुटल्यावर भाताचं शेत दिसतं तशा. बाई रडत होत्या. मी पण जरा खिडकीकडे गेलो.

मंडळ अकराला आलं. अध्यक्षांनी आधी चुकीचा डोळा मिटला, मग स्वतःच्या पापण्या बघितल्या, आणि शेवटी एकदाचं दिसल्यावर म्हणाले, "अरे! सगळ्या रांगेत! ह्यांना कुणी उभं केलं?" बाई म्हणाल्या, "वाहत्या पान्यानं." चहा झाला, फोटो झाले, आणि बाईंच्या निवृत्तीपर्यंत खोली बाईंकडेच राहील असं सांगून मंडळ गेलं.

फोटो काढून झाल्यावर पोरींना औषधात घालून कायमचं स्थिर करायचं असतं. त्यात जीव जातो, पण रांग तशीच राहते. बाईंनी ते केलं, काच स्वच्छ धुतली, आणि आपल्या चष्म्याच्या डबीत कापसावर ठेवली. "चला, आता मावशीला देऊन येऊ. तिची हाय," म्हणाल्या. पाचूबंदरला जाईपर्यंत त्या रिक्षात इतक्या खुशीत होत्या की वाटेतल्या एकाही गटाराकडे त्यांनी बघितलं नाही.

म्हातारी दारातच बसली होती. बाई रिक्षातूनच ओरडल्या, "मावशी! टिकल्या! सगळ्याच्या सगळ्या टिकल्या!"

म्हातारी उठली. तिनं किल्ल्याच्या दिशेनं की समुद्राच्या दिशेनं कुणास ठाऊक, हात जोडले, आणि एकदम खालीच बसली.

"वाचला," ती म्हणाली. "माजा नातू वाचला."

बाई रिक्षातून उतरता उतरता थांबल्या. "कोन वाचला, मावशी?"

"पोर. तूच बोललीस ना, पान्याच्या जोरात टिकल्या तर जिंकलो, नाय तर संपलं. मी फिरवलं तेवढं पुरं झालं ना? मधे हात जरा हळू झाला होता माजा, दोनदा. तेनं काय कमी नाय ना पडलं?"

मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"मावशी," बाई पुढं होऊन म्हणाल्या, "मी सांगितलं ना तुला. पोराला कायच झालं नव्हतं. पहिल्यापासून कायच नव्हतं."

"दवाखान्यात काय नाय म्हनतात, तेवाच काय तरी असतं," म्हातारी शांतपणे म्हणाली. "आमच्या धन्याला पन कायच नाय म्हनले होते."

आतून सून बाळाला घेऊन आली. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा ना ह्यांना. दवाखान्यातून आल्यापासून म्हावरं सोडलंय त्यांनी. घरात रोज मच्छी येते, ह्या नुसता भात आणि मीठ. का म्हणून विचारलं तर सांगत नाहीत. काल बारशाला पण उपाशीच."

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी पुढं जाऊन म्हातारीसमोर उकिडवा बसलो.

"आजी, चूक माझी आहे. तपासायला नेतो म्हणून मी तुम्हाला खोटं सांगितलं. तपासायचं काहीच नव्हतं. बाईंच्या प्रयोगासाठी नेली होती. तुम्हाला समजावून सांगायचा मला कंटाळा आला."

"कंटाळा?"

"हो."

"पोराला काय नाय?"

"काही नाही. कधीच नव्हतं."

म्हातारीनं सुनेच्या हातातून बाळ घेतलं. त्याचे पाय बघितले, हात बघितले, कान बघितले, जणू ते आत्ता जन्मलं होतं. बाळानं जांभई दिली. मग ती रडली, अगदी मोठ्यानं, दार, शेजार, कशाचीही पर्वा न करता. बाई काचेची डबी पुढ्यात ठेवून तिच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांनी तिचा हात धरून ठेवला, आदल्या दिवशी पाना फिरवून फोड आलेला.

बऱ्याच वेळानं म्हातारीनं डोळे पुसले. "तवा ठेव गो," ती सुनेला म्हणाली. "बोंबील काढ. बाईला पन वाढ. एवढं शिकून पन वेडीच हाय, उपाशीच आली असेल." मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि कोपऱ्यातलं खुरपं माझ्या पुढ्यात टाकलं. "ह्याला नको वाढू. हा कंटाळलाय. तू ती काच पुरायला खड्डा कर. हितं, दाराशी."

दोघी आत जेवायला बसल्या. मी दाराशी खणत राहिलो. वरची जमीन कठीण होती, खालच्या वाळूत शिंपले लागत होते, आणि तव्यावरच्या बोंबलांचा वास थेट माझ्यापर्यंत येत होता. वीतभर झाल्यावर मी कपाळाचा घाम पुसला आणि आत बघितलं. म्हातारी जेवत होती, दोन्ही गाल भरून, डोळ्यांतलं पाणी न पुसता. ताटावरून तिनं मान वर केली, माझा खड्डा बघितला आणि म्हणाली,

"अजून खोल."